विहिरीवरचा फोटो

कामरगावच्या उकंडराव गावंड्यांना कॅमेरा नको होता. त्यांना नांगर पाहिजे होता.

सन चौतीसच्या हिवाळ्यात अकोल्याला शेतकी प्रदर्शन भरलं होतं. उकंडरावांनी आपल्या वावरातला निवडक कापूस धुतलेल्या धोतरात बांधून तिथं नेला आणि त्याला पहिला नंबर मिळाला. दुसऱ्या नंबराचं बक्षीस लोखंडी नांगर होतं. पहिल्या नंबराचं बक्षीस मुंबईच्या कोण्या व्यापाऱ्यानं दिलेलं होतं, आणि ते म्हणजे फोटो काढायची एक काळी चौकोनी पेटी. उकंडरावांनी मांडवातल्या साहेबाला विचारून पाहिलं, की आपला नंबर दुसरा करता येईल काय. साहेब म्हणाला, कापूस चांगला आहे, आता त्याला इलाज नाही. मग त्यांनी नांगर मिळालेल्या मालेगावच्या जानरावांना गाठलं आणि अदलाबदलीचं विचारलं. जानराव नांगरावर हात ठेवूनच उभे होते.

"मी यानं वावर वाहीन," जानराव म्हणाले. "तुमी त्यानं काय वाहानार?"

उकंडराव पेटी काखेत घेऊन घरी आले. त्यांच्या बायकोनं, गोजराबाईनं, ती उघडून आत पाहिलं, हुंगली, आणि यात मीठ ठेवलं तर सादळेल का, असं विचारलं. पेटी कोनाड्यात बसली ती पुढचा सगळा उन्हाळा तिथंच बसली.

उकंडराव तेव्हा चाळिशीच्या आतबाहेर असतील. अंगानं काटक, बोलायला कमी. दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या, वावर जेमतेम, पण हातचं काम नेटकं. घरात आलेली वस्तू निकामी पडलेली त्यांना पाहवत नसे. म्हणून एका बाजाराच्या दिवशी ते पेटी घेऊन कारंज्याला गेले. तिथं मदनसिंग नावाच्या माणसाचा फोटोचा स्टुडिओ होता. मदनसिंगनं त्यांना रोल कसा घालायचा ते दाखवलं आणि बाकीची विद्या चार वाक्यांत सांगितली. ऊन पाठीमागं घ्यायचं. पेटी पोटाशी धरून वरच्या भिंगात पाहायचं. खटका एकदाच दाबायचा. आणि समोरच्यानं हलायचं नाही. हलला, की माणसाच्या जागी धूर येतो.

उकंडरावांनी पहिला फोटो आपल्या बैलजोडीचा काढला, दुसरा गोजराबाईचा. बैल चांगले आले. गोजराबाई हलल्या होत्या. पण पोळ्याला गावातल्या लोकांनी तो बैलांचा फोटो पाहिला आणि मग एकेक जण यायला लागला. रोलाचा खर्च ज्याचा फोटो त्यानं करायचा, अशी रीत पडली. दोन वर्षांत कामरगावातले बहुतेक म्हातारे, सगळे चांगले बैल आणि काही जावई कागदावर आले. उकंडराव खटका दाबण्याआधी प्रत्येकाला एकच गोष्ट सांगत: "हालू नोका." लोक श्वास धरून उभे राहायला शिकले.

पेटीचा दुसरा उपयोग आगीच्या दिवशी कळला. फाल्गुनात गावाबाहेर खळवाडीतल्या कडब्याच्या गंज्या पेटल्या. लोक घागरी घेऊन धावले. उकंडरावही घागर घेऊन धावले होते, पण वाटेत शाळेच्या गुरुजींनी त्यांना अडवून सांगितलं की घागरी पुष्कळ आहेत, पेटी एकच आहे. गुरुजींचं म्हणणं बरोबर होतं. उकंडराव घरी गेले, पेटी आणली, ऊन पाठीमागं घेतलं आणि आगीचा फोटो काढला.

गुरुजींनी तो वऱ्हाडातल्या एका साप्ताहिकाकडे पाठवला आणि महिन्याभरानं तो छापून आला. फोटोत धूर होता, गंज्या होत्या, पाणी फेकणाऱ्या लोकांच्या पाठी होत्या, आणि अगदी पुढं, कॅमेऱ्याकडे तोंड करून, हातातली काठी आगीकडे रोखलेले रामराव होते. रामराव म्हणजे गावातले मोठे जमीनदार. ते सगळ्यांत शेवटी आले होते आणि त्यांच्या हातात घागर नव्हती. फोटोखाली छापलं होतं: 'कामरगाव येथील भीषण आग विझविताना श्री. रामराव.'

गावानं तो अंक फाटेपर्यंत पाहिला. मग लोक एकेकटे उकंडरावांकडे येऊ लागले. मी कुठं आहे, असं प्रत्येक जण विचारी. उकंडराव फोटो उन्हात धरत आणि बोट ठेवून सांगत, ही पाठ तुझी. माणूस त्या पाठीकडे बराच वेळ पाही. एकानं विचारलं, ही माझी आहे हे दुसऱ्याला कसं कळावं? उकंडराव म्हणाले, नाही कळणार. तो माणूस निघून गेला, पण त्या दिवसापासून गावात एक गोष्ट सगळ्यांना पाठ झाली. उकंडराव पेटी घेऊन आले, की तोंड तिकडं करायचं.

पुढच्या साली सोजरबाई नावाच्या विधवेचा बैल नाल्याच्या गाळात फसला. लोक जमले, बैलाच्या पोटाखालून दोर गेले, ओढायला माणसं तयार झाली. तेवढ्यात कोणाच्या तरी लक्षात आलं, की उकंडराव नाहीत. ते कारंज्याला बाजाराला गेले होते. तेव्हा दोर ताणून धरायचे, पण बैल काढायचा नाही, असं ठरलं. बैल सकाळपासून गाळात होता. माणसं पाळीपाळीनं जेवून आली. सोजरबाई काठावर बसून, आता काढा बाप्पा, असं म्हणत होती, आणि लोक तिला सांगत होते, काढतो, उकंडरावांना येऊ दे.

उकंडराव दिवस कलताना आले. त्यांनी घाईनं फोटो काढला. त्यात दोर धरलेली सगळी माणसं छाती काढून समोर पाहत होती आणि खाली मधोमध दोन शिंगं होती. मग बैल निघाला. जिवंत निघाला, पण पुढं त्याला जू मानवलं नाही. सोजरबाईनं दोर सोडवताना उकंडरावांना एवढंच म्हटलं, की फोटो बरा आला असल.

घरी आल्यावर उकंडरावांनी ही हकीकत गोजराबाईला गंमत म्हणून सांगितली. त्या भाकरी थापत होत्या. त्यांनी विचारलं, "तुमच्यापाशी पेटी नसती तं बैल कवा निघाला असता?"

"सकाळीच," उकंडराव म्हणाले.

गोजराबाईनं भाकरी उलटली. बैलाचा फोटो पुढं छापून आला.

रामरावांनी अडतीसच्या उन्हाळ्यात आपल्या वावरात नवी विहीर खणायला घेतली. कामाला गावाजवळच्या तांड्यावरची बंजारा माणसं होती. बाबूसिंग आत उतरून खणत असे. त्याची बायको भुरीबाई आणि इतर बाया मातीच्या टोपल्या वाहत. रूपला नावाचा त्यांचा भाऊबंद विहिरीच्या कडेला असे. दरड कुठं सुटते, मुरूम कुठं धरतो, हे पाहून आतल्याला सावध करायचं हे त्याचं काम. त्या दिवशी दरड त्यानं ओरडण्याआधीच सुटली. बाबूसिंग उभ्याउभ्या छातीपर्यंत मातीत गेला, आणि वरून माती पडतच राहिली.

विहीर अजून फार खोल नव्हती. रूपला आणि भुरीबाई उडी मारून आत गेले आणि हातानं माती उपसू लागले. आजूबाजूच्या वावरांतली माणसं धावत आली, त्यांतली काही आत उतरली. रामराव लिंबाखाली बसले होते, तेही आले. त्यांनी सगळं पाहून घेतलं आणि रूपलाला वर बोलावलं. रूपला वर आला. रामरावांनी त्याला सांगितलं, तू पायाचा चपळ आहेस, पळत जा आणि उकंडरावांना पेटी घेऊन बोलाव.

उकंडराव घरी औताचा दांडा तासत होते. रूपला दारात येऊन उभा राहिला तेव्हा त्याच्या कोपरापर्यंत माती होती. धाप लागल्यामुळं त्याला नीट बोलता येत नव्हतं. बाबूसिंग दबला, पेटी घेऊन चाला, असं तो म्हणाला.

"मंग तू कायले आला?" उकंडरावांनी विचारलं.

"मालकानं धाडलं."

उकंडरावांनी हातातला वाकस खाली ठेवला. पुढं अनेक वर्षं त्यांना या ठिकाणी आपली गोष्ट थांबवायची सवय होती. ते म्हणत, त्या वेळी मी पेटी घेतली नसती तर काय झालं असतं ते मला सांगता येत नाही, कारण मी पेटी घेतली. नुसती घेतली नाही. आत रोल नव्हता, तर सावलीत बसून नवा रोल घातला, त्याचं टोक नीट बसलं की नाही ते पाहिलं. रूपला तोवर दारात उभा होता. त्यानं घाई केली नाही. फक्त हाताची माती झाडत राहिला.

दोघं पळत विहिरीवर गेले. रूपला सरळ आत उतरला. उकंडराव कडेला आले तेव्हा आत आणि कडेवर मिळून पुष्कळ माणसं होती, आणि बाबूसिंग मानेपर्यंत मातीत होता. त्याचं तोंड वर होतं. आतून भुरीबाई आणि कडेवरच्या बाया ओरडत होत्या, काढा, काढा. उकंडरावांनी ऊन पाठीमागं घेतलं.

त्यांना पाहून रामराव म्हणाले, "आला? काढ."

त्याबरोबर माणसं थांबली. आत खणणारी माणसं सरळ उभी राहिली. एकानं डोक्याचं फडकं नीट केलं, दुसऱ्यानं फावडं खांद्यावर घेतलं. कडेवरचे लोक एका ओळीत आले. रामराव मधोमध आले. सगळ्यांनी तोंडं पेटीकडे केली आणि श्वास धरला. बायांचं ओरडणंही थांबलं. उकंडरावांनी भिंगात पाहिलं. भिंग बारीक होतं, त्यात माणसं मुंग्यांएवढी दिसत. त्यांना ओळ दिसली, रामराव दिसले. अंगठा आपोआप खटक्यावर गेला आणि दबला. त्यांनी नेहमीसारखं "हालू नोका" म्हटलं होतं की नाही, हे त्यांना कधीच आठवलं नाही. कडेवरचे लोक मात्र म्हणत, की ते म्हणाले होते.

खटका वाजल्यावरही माणसं हलली नाहीत. उकंडराव एका प्रसंगाचे बऱ्याचदा दोन फोटो काढत, आणि लोकांना ते माहीत होतं. उकंडरावांनी मान वर केली आणि पेटीशिवाय खाली पाहिलं. सगळी माणसं त्यांच्याकडे पाहत उभी होती. बाबूसिंगचे डोळेही उघडे होते, पण ते कुणाकडे पाहत नव्हते.

"रोल संपला," उकंडराव म्हणाले.

ती त्यांच्या आयुष्यातली बहुधा एकमेव थाप. त्यांनी पेटी जमिनीवर ठेवली आणि आत उतरले. माणसं पुन्हा खणू लागली. बाबूसिंगला बाहेर काढलं तेव्हा त्याचा श्वास चालू होता. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली चेंदला होता. त्याला बैलबंडीत घालून कारंज्याच्या दवाखान्यात नेलं. पाय राहिला, पण सरळ राहिला नाही.

पुढच्या बाजाराला उकंडराव रोल घेऊन मदनसिंगकडे गेले. त्यांनी रोल धुवायला द्यायला नको होता, असं गोजराबाई नंतर म्हणाल्या. पण उकंडरावांना काय आलं आहे ते पाहायचं होतं. मदनसिंग आतून ओला कागद चिमटीत धरून बाहेर आला, तो खुशीत होता. त्याला विहिरीचं काही माहीत नव्हतं.

"फस्क्लास आला," तो म्हणाला. "इतकी माणसं, अन् एक हललं नाही. फक्त ही एक बाई हलली. तिच्यामुळं जरा खराब झाला."

उकंडरावांनी कागद हातात घेतला. सगळ्यांची तोंडं स्वच्छ आली होती, रामरावांच्या मिशांचे केससुद्धा. खाली, मातीतून वर आलेलं एक डोकं होतं. त्याच्यापाशी एक पाठमोरी बाई ओणवी बसली होती आणि तिच्या हातांच्या जागी धूर होता. ती भुरीबाई. ती एकटी थांबली नव्हती.

फोटो वाळेपर्यंत उकंडराव दुकानाच्या पायरीवर बसून राहिले.

गावात फोटोची वाट पाहणं चाललंच होतं. गुरुजींनी मजकूर आधीच तयार केला होता: 'कामरगावच्या ग्रामस्थांनी मजुराचे प्राण वाचविले.' रामरावांनी फोटो पाहिला आणि त्यांना तो आवडला. फोटोतल्या बाकीच्या माणसांनीही पाहिला. या वेळी पाठ कोणाची नव्हती, भुरीबाईची सोडून. आता पाठवून द्या, असं सगळे म्हणाले.

उकंडराव म्हणाले, बाबूसिंगला विचारावं लागेल.

रामरावांना आधी हे कळलंच नाही. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. मग ते म्हणाले, "इहीर माही, मानूस माह्या कामावरचा. त्याले काय इचारतं?"

"फोटो त्याचाही हाये," उकंडराव म्हणाले. गुरुजींनी समजावलं, की बातमीचा फोटो असतो त्यात कोणाला विचारत नाहीत, आगीत आपण कोणाला विचारलं होतं? उकंडरावांनी यावर विचार केला आणि कबूल केलं, की विचारलं नव्हतं. आणि बैलाला विचारता येत नव्हतं. बाबूसिंगला मात्र विचारता येत होतं, तो तांड्यावर पडून होता. रामराव म्हणाले, जा, विचार, तो काय नाही म्हणणार आहे.

तांडा माळावर होता. उकंडराव सकाळी गेले. बाबूसिंग दारासमोर बाजेवर पडला होता. पायाला बांबूच्या कामट्या बांधल्या होत्या. भुरीबाई चुलीपाशी होती. तिनं उकंडरावांना पाहिलं आणि मान फिरवली. बसायला मात्र घोंगडी टाकली.

उकंडरावांनी तब्येत विचारली, मग फोटो काढून बाबूसिंगच्या हातात दिला आणि कशासाठी आलो ते सांगितलं. छापला तर सगळ्या वऱ्हाडात जाईल, तू नको म्हटलंस तर जाणार नाही, असं ते म्हणाले. बाबूसिंगनं फोटो आधी उलटा धरला होता. उकंडरावांनी तो सरळ करून दिला. बाबूसिंगनं पुष्कळ वेळ पाहिला. आपण कुठं आहोत ते त्याला सापडेना. उकंडरावांनी बोट ठेवलं.

"हा मी?" बाबूसिंग म्हणाला. मग त्यानं एकेका माणसावर बोट ठेवून त्याचं नाव घेतलं. रामराव, फावडं खांद्यावर घेतलेला माणूस, फडकं नीट केलेला माणूस. सगळी नावं बरोबर होती. त्यातल्या काहींच्या विहिरी त्यानंच खणल्या होत्या.

"हे सारे काय करून राह्यले?" त्यानं विचारलं.

"उभे हाये," उकंडराव म्हणाले. "फोटोसाठी."

बाबूसिंगनं मान हलवली. एक अडलेली गोष्ट जुळल्यासारखं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. तो म्हणाला, "असं हाय होय. मले दिसत नोहतं, डोयात माती होती. पर ऐकू येत होतं. फावडे वाजून राह्यले होते, बाया बोंबलून राह्यल्या होत्या. अन् एकदम सारं बंद झालं. मले वाटलं, आपुन मेलो."

बाबूसिंगचा आवाज चढला नव्हता. त्याला ते उमगलं याचंच बरं वाटत होतं.

"मंग इचे हात लागले," तो भुरीबाईकडे मान करून म्हणाला. "तवा वाटलं, नाई बा, जिता हावो."

भुरीबाई चुलीपासून उठून आली. तिनं फोटो पाहिला, आणि स्वतःची पाठ लगेच ओळखली. ती उकंडरावांना म्हणाली, "भाऊ, मी वरडून राह्यली होती काढा काढा. तुमाले वाटलं, फोटोचं म्हनून राह्यली?"

उकंडराव म्हणाले, "नाई बाई. मले समजत होतं."

"मंग काहून काढला?"

उकंडरावांनी उत्तर शोधलं. आपल्याकडे पेटी होती, रोल होता, ऊन चांगलं होतं, लोक उभे राहिले होते. यातलं काहीही तिला सांगण्याजोगं नव्हतं. भुरीबाई पुन्हा चुलीपाशी गेली. थोड्या वेळानं तिनं त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

बाबूसिंग मात्र छापण्याचाच विचार करत होता. वऱ्हाडभर जाईल म्हणता तर मंगरूळपीरला माझी बहीण आहे, तिच्या गावी जाईल काय, असं त्यानं विचारलं. जाईल, असं उकंडराव म्हणाले. मग त्यानं खाली काय लिहिणार ते विचारलं. उकंडरावांनी गुरुजींचा मजकूर तोंडपाठ सांगितला.

"माही हरकत नाई," बाबूसिंग म्हणाला. "छापा. पर जे चाललं हाय ते लिहा. लिहा का हे लोक फोटोसाठी थांबले हाये, अन् बाबूसिंग मातीत हाये."

उकंडराव गावात परत आले आणि बाबूसिंगची हरकत नाही असं सांगितलं. सगळ्यांना बरं वाटलं. मग त्यांनी खालचा मजकूर सांगितला.

गुरुजी म्हणाले, असं लिहिता येत नाही. का येत नाही, असं उकंडरावांनी विचारलं. खोटं आहे काय? खोटं नाही, पण वर्तमानपत्राची एक भाषा असते, असं गुरुजी म्हणाले. रामरावांनी भाषेबद्दल काही म्हटलं नाही. ते म्हणाले, आमी त्याले जिता काढला अन् तो आमाले असं म्हनतो. तेही खोटं नव्हतं. शेवटी फोटोतल्या एकेका माणसाला विचारलं गेलं, हा मजकूर खाली घालून छापायचा काय. कोणीच हो म्हणालं नाही. उकंडराव म्हणाले, मग झालं तर. ज्यांचा फोटो आहे त्यांची हरकत आहे. छापायचा नाही.

त्यांनी तो फोटो आणि त्याची निगेटिव्ह बाबूसिंगला नेऊन दिली.

गावात यावर बरेच दिवस राग होता. बैलासाठी, कडब्यासाठी फोटो छापून आले आणि माणूस वाचवला त्याचा आला नाही, असं लोक म्हणत. रामरावांनी उकंडरावांशी बोलणं सोडलं. बाबूसिंगनं फोटो दाराशेजारच्या कुडाला खोचून ठेवला होता. पाय आखडल्यामुळं विहिरीचं काम सुटलं होतं, तो दोर वळायचं काम घेऊन दारात बसे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला फोटो दाखवी. हा मी, हे रामराव, हा फडकं नीट करून राह्यला. त्यात राग नसे. बाजारात भेटलेल्या माणसांची सांगावी तशी तो ती माहिती देई. फोटोतली माणसं तांड्याच्या वाटेनं जाणं टाळू लागली. भुरीबाईला तो फोटो आवडत नसे. सणावाराला ती त्याचं तोंड कुडाकडे करून ठेवी आणि सण झाला की बाबूसिंग तो पुन्हा सरळ करी.

उकंडरावांनी फोटो काढणं बंद केलं नाही. पण कुठं काही घडलं, पडलं, पेटलं की ते पेटी घरी ठेवून जात. लोक विचारत, पेटी कुठं? ते म्हणत, घरी. एकदा बेंबळा नदीच्या पुरात एक बंडी अडकली, तेव्हा लोक त्यांच्या हातांकडे पाहून हिरमुसले आणि नाइलाजानं बंडी ओढायला लागले. सगळं आटोपल्यावर, कोणाला हवा असेल आणि कोणाची ना नसेल, तर ते पेटी आणून फोटो काढत. त्या फोटोंत ओली, दमलेली माणसं जमिनीवर बसलेली दिसतात. साप्ताहिकानं त्यातला एकही छापला नाही. गुरुजींना संपादकांनी कळवलं की यात काही घडताना दिसत नाही.

बेचाळीसच्या पावसाळ्यात गावातून झेंडा घेऊन मोठी मिरवणूक निघाली. तेव्हा रोल मिळणं लढाईमुळं जवळजवळ बंद झालं होतं, पण उकंडरावांच्या पेटीत एक अर्धा उरलेला होता. पुढारलेल्या काही पोरांनी त्यांना फोटोसाठी बोलावलं. उकंडराव मिरवणूक निघण्याआधी चावडीपाशी गेले आणि प्रत्येकाला विचारू लागले, तुझं तोंड फोटोत आलं तर चालेल काय. पहिले चारसहा जण हो म्हणाले. मग एक म्हणाला, हा फोटो उद्या कोणाच्या हातात पडेल? उकंडराव म्हणाले, ते मला सांगता येत नाही. तो म्हणाला, मग मला घेऊ नका. हे ऐकून हो म्हणालेलेही नाही म्हणाले. उकंडराव पेटी घेऊन घरी आले, ती ठेवली आणि मिरवणुकीत मागून चालत गेले.

आठवड्याभरानं बाहेरगावचा एक अंमलदार शिपाई घेऊन त्यांच्या घरी आला. इतकी मोठी मिरवणूक निघाली आणि गावातल्या एकुलत्या कॅमेऱ्यानं तिचा फोटो काढला नाही, हे त्याला पटत नव्हतं. उकंडराव म्हणाले, लोक नाही म्हणाले. लोकांना विचारतो कोण, असं अंमलदार म्हणाला. त्यानं पेटी मागितली, अंगणात उन्हात उभं राहून मागचं झाकण उघडलं, आतला रोल ओढून लांबच्या लांब सोडला आणि त्यावर मिरवणूक दिसते का ते पाहिलं. तो रोल अजून धुतलेला नव्हता. त्यावर काहीच दिसत नव्हतं, आणि ऊन लागल्यामुळं आता पुढंही दिसणार नव्हतं. अंमलदार गेला. पेटी तेवढी राहिली.

त्या रोलात बाबूसिंगच्या मुलाच्या, अमरसिंगच्या, लग्नाचे फोटो होते.

उकंडराव दुसऱ्या दिवशी तांड्यावर जाऊन तसं सांगून आले. अमरसिंगची बायको चंदाबाई रडली. बाबूसिंग म्हणाला, आपल्या नशिबात हेच आहे. भुरीबाई म्हणाली, लगन पुन्हा लावता येत नाही, पण कपडे पुन्हा घालता येतात.

रोल मिळायला पुढचा उन्हाळा उजाडला. मदनसिंगनं तो कुठून पैदा केला ते सांगितलं नाही. उकंडराव तांड्यावर गेले तेव्हा अमरसिंगनं लग्नाची पगडी बांधली होती, चंदाबाईनं आरशांचा घागरा घातला होता, आणि तिला आठवा महिना होता. घागरा तिला पुरत नव्हता. तिनं विचारलं, हे दिसेल काय? उकंडरावांनी ऊन पाहिलं, तिला अमरसिंगच्या थोडं मागं उभं केलं, भुरीबाईला शेजारी घेतलं, बाबूसिंगला पुढं बाजेवर बसवलं. मग ते चौघांकडे एकेक करून पाहू लागले. काढू काय, असं त्यांनी विचारलं, आणि चौघंही हो म्हणेपर्यंत थांबले. चंदाबाईनं सगळ्यांत उशिरा मान हलवली.